गोलरेषेच्या समोरची खुर्ची

माझ्या दादाने एकतीस वर्षं माणसांना एकच गोष्ट सांगितली, हलू नका. मोठ्या इस्पितळाच्या तळघरात एक्स-रेची खोली होती, तिथे तो तंत्रज्ञ. "हनुवटी वर, श्वास घ्या, रोखा, हलू नका... सोडा." दिवसातून ऐंशी वेळा. वहिनी तर म्हणते, रस्त्यात ओळखीची माणसं दादाला बघून आपोआप ताठ उभी राहतात. आता अशा माणसाने निवृत्त झाल्यावर काय करावं? झाडांना पाणी घालावं, पेपर वाचावा, दुपारी तासभर झोपावं. पण नाही! दादाने पळणाऱ्या माणसांचे फोटो काढायचं ठरवलं.

दोष त्याचा एकट्याचा नाही. निवृत्त होणाऱ्याला इस्पितळात भिंतीवरचं घड्याळ देतात, म्हणजे इतकी वर्षं घड्याळाकडे बघून काढलेल्या माणसाने पुढेही तेच करावं. त्या वर्षी कुणाला तरी सुचलं, हा जन्मभर फोटोच काढत आलाय, याला कॅमेरा द्या. दिला. चांगला हातभर लांब भिंगाचा. दादाने तो घरी आणला, टेबलावर ठेवला आणि पहिल्यांदा काय केलं असेल? निर्जंतुक करायच्या फडक्याने पुसून काढला.

मी त्याची धाकटी बहीण. त्याच्या घराखालच्या गाळ्यात माझं कपडे अल्टर करायचं दुकान आहे. माझ्या तोंडाला लगाम नाही असं गिऱ्हाइकं म्हणतात, पण शिलाई सरळ असते म्हणून मुकाट्याने परत येतात. दादाच्या मुलीच्या फुटबॉल संघाच्या जर्सी मीच बेतून देते. मुलीला घरात सगळे चिमणी म्हणतात. वय चोवीस, उंची पावणेसहा फूट, हाताचे पंजे सुपाएवढे, आणि म्हणे चिमणी! ती गोलकीपर आहे, म्हणजे होती.

अकरा वर्षं ती खेळली. मी निम्म्याहून जास्त सामने पाहिले. वहिनी एकदाच आली, पूर्ण सामना डोळ्यांवर पदर घेऊन बसली आणि घरी जाऊन म्हणाली, छान झाला. दादा मात्र एकदाही आला नाही. सामने रविवारी, आणि रविवारी इस्पितळात माणूस कमी म्हणून हा हक्काचा. लोकांची मोडलेली हाडं बघत बसला आणि पोटची पोर कशी खेळते ते याला ठाऊकच नाही. हे मी त्याला तोंडावर सांगितलेलं आहे, तेव्हा इथे सांगायला हरकत नाही.

निवृत्तीनंतर पंधरा दिवसांत चिमणीचा गुडघा सुजला. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, हा हंगाम खेळ, नंतर शस्त्रक्रिया, नंतर फुटबॉल टीव्हीवर बघायचा. हंगामात चार सामने उरले होते. त्या दिवशी दादाने घरातली सगळी कपाटं उपसली. त्याला मुलीचा खेळतानाचा फोटो हवा होता. सापडला एकच, पेपरातलं कात्रण. त्यात चिमणीची पाठ होती, पाठीवर मी शिवलेला एक नंबर होता आणि पुढे जाळीत चेंडू होता. साहजिकच आहे. गोल वाचवला तर फोटो कुणी काढत नाही, गोल खाल्ला की पेपरात. दादा ते कात्रण हातात धरून म्हणाला, "चार सामने आहेत. एक फोटो मी काढणारच. खेळतानाचा, समोरून, स्पष्ट. हिने काय केलं ते म्हातारपणी हिला दिसायला हवं."

मी टोमणा गिळला आणि उपसलेली कपाटं लावायला घेतली. एरवी लावली नसती.

पहिल्या सामन्याला आम्ही दोघं प्रेक्षकांत बसलो. दादाच्या पिशवीत कॅमेरा, त्याचं माहितीपुस्तक, वही, दोन पेन, आणि भिंग पुसायचं फडकं ठेवायला एक डबी. समोर पोरी वाऱ्यासारख्या पळतायत आणि हा डोळ्याला कॅमेरा लावून नुसता बसलाय.

"अरे, काढ की!"

"हलतायत."

"दादा, फुटबॉल आहे तो. हलणारच!"

"एकदा थांबू देत."

आणि खरंच सांगते, त्या सामन्यात जे जे थांबलं त्या सगळ्याचे फोटो त्याने काढले. नाणेफेक. पाणी पिणाऱ्या राखीव खेळाडू. पायात गोळा आल्याने आडवी पडलेली एक पोर, तीही दोन बाजूंनी. कोपऱ्यातलं निशाण. चिमणीने पेनल्टी अडवली तेव्हा अख्खं मैदान उभं राहिलं, आणि दादा खाली मान घालून निशाण कसं आलंय ते पडद्यावर बघत होता. मला वाटलं, त्याच निशाणाच्या काठीने याला झोडावं.

घरी वहिनीने सगळे फोटो शांतपणे पाहिले. "अहो," ती म्हणाली, "गोलचा खांब फार सुरेख आलाय."

दुसऱ्या सामन्याला त्याने धीर केला आणि हलणाऱ्या माणसांवर बटण दाबलं. तर चिमणीच्या जागी लांबच लांब निळा पट्टा उमटलेला, शेजारी दुसरा लाल. काही फोटोंत पुढच्या रांगेतल्या गृहस्थांचं टक्कल इतकं स्पष्ट आलं होतं की त्यावरचे तीळ मोजावेत. मग दादाने दोष उन्हाला दिला, मैदानाला दिला, टकलाला दिला. नाचता येईना अंगण वाकडं! मी म्हटलं, "त्या गृहस्थांना एक प्रत पाठवून दे, त्यांच्या घरच्यांना तरी आनंद होईल." दादा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

तिसऱ्या सामन्याला एका पेपरचे छायाचित्रकार वरच्या रांगेत डबा खायला आले. त्यांनी दादाची धडपड थोडा वेळ पाहिली. मग हात पुसत खाली येऊन म्हणाले, "काका, तुम्ही चेंडूच्या मागे धावताय. चेंडू तुमच्यापेक्षा तरुण आहे. शटर हजारावर ठेवा, म्हणजे पळणारंही थांबलेलं येतं. फोकस आधीच गोलच्या खांबावर लावून टाका आणि त्याला हात लावू नका. पोरगी खांबाजवळ येईल तेव्हाच दाबा, आणि दाबलं की धरून ठेवा. वाट बघायला जमेल ना?"

वाट बघायला! जन्मभर दुसरं केलंय काय त्याने? दादाचा चेहरा असा खुलला की काय सांगू. आपल्या कामाचं काहीतरी या धंद्यातही लागतं, हे त्याला पहिल्यांदाच कळलं. छायाचित्रकारांनी जाता जाता एवढंच सांगितलं, की गोलच्या मागे तिरके बसा, चेहरा मिळतो, सगळे तिथेच बसतात.

पण ऐकेल तर तो दादा कसला. चौथा सामना म्हणजे अंतिम सामना, चिमणीचा शेवटचा. आम्ही दोन तास आधी पोचलो, मैदानात चिटपाखरू नाही, आणि हा खुर्च्या मोजत हिंडतोय. शेवटी बसला तो बरोबर गोलरेषेच्या समोर. तिथून मैदानाचा एक तुकडा दिसतो फक्त. मध्यंतरानंतर चिमणी ज्या बाजूला असणार होती ती बाजू त्याने नाणेफेकीआधीच अंदाजाने हेरली होती. एक डोळा मिटून तो पुढेमागे सरकला, आणि गोलचे दोन्ही खांब एकामागे एक येऊन एकच खांब दिसायला लागला तेव्हा थांबला.

"तिरकं बसायला सांगितलंय ना त्यांनी?"

"तिरकं काढलेलं चित्र खोटं बोलतं," दादा म्हणाला. "हाड सरळ दिसतं आणि मोडलेलं असतं. काढायचं तर अगदी समोरून, नाहीतर अगदी बाजूने."

आता याला काय म्हणावं? खेळाच्या मैदानावर हा मुलीचा बाजूचा एक्स-रे काढायला बसला होता. मी कपाळाला हात लावला आणि शेंगदाण्याची पुडी उघडली.

पहिला अर्धा वेळ पलीकडच्या टोकाला गेला. आमच्या संघाने एक गोल केला. मध्यंतरानंतर चिमणी आमच्यासमोर आली आणि दादाने श्वास रोखला. स्वतःचा. समोरच्या संघात अकरा नंबरची एक बुटकी पोरगी होती, पायात भिंगरी. तिने चिमणीला नुसतं भंडावून सोडलं. सामना संपायला तीन मिनिटं असताना ती दोघींना चुकवून आत घुसली आणि चिमणीच्या डोक्यावरून चेंडू उचलून टाकला. चिमणी पुढे आलेली. ती वळली, दोन पावलं मागे धावली, त्या सुजलेल्या गुडघ्यावर, आणि अंग आडवं फेकलं. एका हाताने चेंडू मागून पुढे खेचला आणि छातीखाली घेतला. दादाच्या कॅमेऱ्याची टकटक मला ऐकू येत होती.

अकरा नंबर हात वर करून धावायला लागली, गोल, गोल! पंच लांब होते. रेषेवरचा सहायक पंच धावत येत होता, अजून पोचायचा होता. पंचांनी त्याच्याकडे पाहिलं, त्याने पंचांकडे पाहिलं. दोघांनीही काही पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे त्यांचं लगेच एकमत झालं. गोल नाही.

ती पोरगी पंचांसमोर गेली. आधी सांगत होती, मग ओरडायला लागली, मग रडायला लागली. पिवळं कार्ड. तरी हटेना. दुसरं पिवळं, म्हणजे लाल. स्टँडमधून लोक ओरडत होते, आणि सगळ्यात मोठ्याने मी ओरडत होते, "नाटकं बंद कर! नाटकी कुठली!" माझा आवाज मोठा आहे. तिने मान वळवून आमच्या बाजूला पाहिलं आणि ती बाहेर चालत गेली. आम्ही जिंकलो.

परतताना बसमध्ये दादाने कॅमेऱ्याचा पडदा पाहिला, मोठा करून पाहिला, आणि कॅमेरा बंद करून पिशवीत ठेवला.

"आला का?" मी विचारलं.

"घरी बघू."

मला तेव्हाच समजायला हवं होतं. एक्स-रेवाले पेशंटला काही सांगत नाहीत. हाडाचे दोन तुकडे समोर दिसत असले तरी म्हणतात, डॉक्टर सांगतील. दादाचा तोच चेहरा होता.

चिमणी संघाबरोबर जेवून संध्याकाळी घरी आली, गळ्यात पदक, गुडघ्याला बर्फाची पिशवी. वहिनीने टीव्हीला कॅमेरा जोडायला लावला. दादा नको नको म्हणत होता, पण वहिनीपुढे त्याचं आजवर कधी चाललंय? आणि पडद्यावर तो फोटो आला.

देवा रे! मी शिवणकाम करणारी बाई, मला फोटोतलं काय कळतं. पण असा फोटो मी पाहिलेला नाही. चिमणी हवेत, जमिनीला समांतर. केस मागे, ओठ दातांत, मागे लांबवलेल्या हाताची पाचही बोटं वेगवेगळी, चेंडूवरची शिवणसुद्धा दिसतेय. गवतातला चिखल उडालेला आणि तोही तिथल्या तिथे थांबलेला. वहिनीने तोंडावर हात घेतला. "ही माझी चिमणी?" एवढंच म्हणाली आणि रडायला लागली.

मी म्हटलं, "दादा, आजवर तुला जे जे बोलले ते सगळं मागे घेते. भिंतीएवढा करून आण!"

दादा पडद्याकडे बघेना. चिमणी मान खाली घालून गुडघ्यावरचा बर्फ दाबत होती. मग मी नीट पाहिलं. दोन्ही खांब एकामागे एक, एकच खांब दिसतोय. खाली पांढरी रेषा. आणि चेंडू रेषेच्या आत, जाळीच्या बाजूला. रेषा आणि चेंडू यांच्यामध्ये चार बोटं हिरवं गवत. हातच्या कांकणाला आरसा कशाला? गोल होता.

मी कात्रीवर जगणारी बाई, मला पहिलं सुचलं ते हेच. "अरे, एवढं काय! त्या बाजूने थोडं कापून टाक. रेषा गेली, चेंडू गेला, प्रश्न मिटला. एक पंजा सोडला तर चिमणी राहतेय पूर्ण."

दादा माझ्यावर इतका चिडलेला मी लहानपणीसुद्धा पाहिला नव्हता. "कापून? एकतीस वर्षांत एक फिल्म कापली नाही मी! जे आहे ते आहे." मग चिमणीकडे वळला आणि त्याचा आवाज एकदम खाली आला. "बाळा, तुला घाईत कळलं नसणार. मला माहितीये. एवढ्या वेगात कुणाला कळतं?"

चिमणीने बर्फाची पिशवी बाजूला ठेवली. "कळलं होतं बाबा," ती म्हणाली. "माझा हात खांबाच्या मागे होता. मी आतून ओढला चेंडू."

"मग बोलली का नाहीस?"

"पंचांनी मला विचारलं नाही." गळ्यातल्या पदकाशी चाळा करत ती म्हणाली, "आणि शेवटचा सामना होता."

वहिनीने उठून टीव्ही बंद केला. मला भाचीची लाज वाटली, खोटं कशाला बोलू. आणि माझी स्वतःची जास्त वाटली, कारण मैदानावर नाटकी म्हणून ओरडले ती मी होते.

दुसऱ्या दिवशी चिमणी लंगडत फुटबॉल संघटनेच्या कचेरीत गेली. दादा आणि मी बरोबर. सचिवांच्या खोलीत कपाटावर ढाली, कपाटाखाली ढाली, खुर्चीवरही एक ढाल, तीच उचलून त्यांनी दादाला बसायला जागा करून दिली. चिमणीने फोटो पुढे ठेवला आणि जे झालं ते सांगून टाकलं. सचिवांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"हे बघा," ते म्हणाले, "निकाल लागला तो लागला. प्रेक्षकांच्या फोटोवर निकाल फिरवायचे म्हटलं तर उद्या कुणीही कॅमेरा घेऊन येईल."

"मी प्रेक्षक नाही. मी गोलकीपर आहे," चिमणी म्हणाली. "मी सांगतेय ना, गोल होता."

"गोल होता की नाही हे गोलकीपरने सांगायची तरतूद नाही."

"निदान त्या मुलीचं लाल कार्ड तरी रद्द करा. तिचं म्हणणं खरं होतं."

"कार्ड वाद घातल्याबद्दल आहे. खरं बोलून वाद घातला तरी तो वादच." एवढं बोलून सचिवांनी फोटो पुन्हा उचलला, दिव्याखाली धरला आणि दादाकडे बघून हसले. "पण काय टिपलंय साहेब! आमच्या वार्षिक अंकाच्या मुखपृष्ठाला द्या ना. खाली ओळ टाकू, अप्रतिम बचाव."

दादाने त्यांच्या हातातून फोटो काढून घेतला. नमस्कारही न करता बाहेर पडला. आमच्या घरात असं कुणी कधी केलेलं नाही.

अकरा नंबर कुठे काम करते ते चिमणीला माहीत होतं. बाजाराच्या टोकाला औषधाचं दुकान आहे, तिथे ती काउंटरवर उभी असते. आम्ही गेलो तेव्हा पाच-सहा माणसं रांगेत होती. पांढरा कोट घातलेली ती पोरगी मैदानापेक्षाही लहान दिसत होती. चिमणीला बघून तिचं तोंड आवळलं.

"काय हवंय?"

चिमणीने फोटो काउंटरवर ठेवला.

तिने पाहिला. मग दोन्ही हातांनी उचलून डोळ्यांजवळ नेला. रांगेतले लोक माना उंचावून बघायला लागले. ती बोलली तेव्हा तिचा आवाज अगदी बारीक होता.

"प्रशिक्षक म्हणाले तुला भास झाला. आई म्हणाली जाऊ दे, असेल बाहेर. रात्रभर विचार करकरून मलाही वाटायला लागलं होतं, की नव्हताच तो गोल. मीच खोटी."

"गोल होता," चिमणी म्हणाली. "मला तेव्हाच माहीत होतं. मी गप्प बसले."

मला वाटलं, आता ही फोटो भिरकावून देईल. दिला असता तर मी तिला एका शब्दाने बोलले नसते. मागून एक आजोबा म्हणाले, "ताई, माझ्या गोळ्या तेवढ्या द्या."

"थांबा हो दोन मिनिटं," ती म्हणाली. तिची नजर फोटोवरून हलली नव्हती. आधी ती चेंडूकडे बघत होती, आता चिमणीकडे बघत होती, फोटोतल्या. सुजलेल्या गुडघ्यापासून लांबवलेल्या बोटांपर्यंत तिने हळूहळू बघितलं. ही उडी काय असते हे आमच्यापैकी कुणाला कळत होतं? मला नाही, वहिनीला नाही, दादालाही नाही. तिला कळत होतं.

"पण काय उडी मारलीयस गं," ती म्हणाली.

आणि आमची पावणेसहा फुटांची पोरगी, अकरा वर्षांत मैदानावर कधी न रडलेली, त्या काउंटरवर दोन्ही पंजे टेकून सगळ्या रांगेसमोर ओक्साबोक्शी रडली.